पहाटे तीनच्या टीएनटीचं काय करायचं?

प्रश्न असा आहे: "ताई, आमचा माइनक्राफ्टचा, म्हणजे ठोकळ्यांनी बांधायच्या ऑनलाइन खेळाचा, सर्व्हर आहे. त्यावर टाउनी हे शहरं-राष्ट्रं वसवायचं प्लगइन (जोड-प्रोग्राम) आहे. पन्नासेक पोरं, निम्मी इंदूरची, बाकी ग्वाल्हेर-उज्जैनची. दोन मोठी राष्ट्रं आहेत, डोंगरवाले आणि बंदरवाले. युद्ध जाहीर झालं की आम्ही दोन्हीकडच्या शहरांत मारामारी आणि स्फोट चालू करतो. सोमवारी पहाटे तीनला बंदरवाल्यांनी टीएनटी (खेळातला स्फोटक ठोकळा) लावून डोंगरवाल्यांची राजधानी फोडली आणि कोठार रिकामं केलं. समोर एकही जण ऑनलाइन नव्हता, दोघांचा तर सकाळी पेपर होता. डोंगरवाले म्हणतात, रोलबॅक करा, म्हणजे सगळं हल्ल्याआधीसारखं करा, नाहीतर आम्ही चाललो. बंदरवाले म्हणतात, नियम दाखवा. नियमांत वेळेबद्दल काहीच लिहिलेलं नाही. सर्व्हर माझा आहे आणि मी डोंगरवाल्यांचा खजिनदार आहे. काय करू?"

खजिनदारकीची गोष्ट तू पत्राच्या शेपटाला बांधलीस. मी तिथूनच सुरू करते.

ती आज सोड. निर्णय सांगायच्या आधी सोड, नंतर सोडलीस तर तिला काही किंमत नाही. रोलबॅक केलास तर बंदरवाले म्हणतील, खजिना त्याचाच होता ना. नाही केलास तर डोंगरवाले म्हणतील, निष्पक्ष दिसायच्या हौसेपायी आम्हाला बुडवलं. आणि खरं कारण काय होतं हे तुला स्वतःलाही छातीठोक सांगता येणार नाही. मी यातून गेलेय. 2016 साली सर्व्हर सुरू केला तेव्हा तळ्याकाठी माझंही एक गाव होतं. दहा-बारा मेंढ्या, एक पवनचक्की, बास. मी कुणाशी लढले नाही, कुणाची बाजू घेतली नाही. तरी माझ्या आजूबाजूच्या गावांवर वर्षभर कुणी हल्ला केला नाही. नंतर कळलं की तिथल्या प्लॉटला लोक दुप्पट भाव देत होते, 'ताईच्या शेजारी' म्हणून. काहीही न करता मी अख्खा नकाशा वाकवून ठेवला होता. तेव्हापासून मला गाव नाही. बांधायची हौस आली की घरच्या कॉम्प्युटरवर एकटीच्या जगात बांधते.

आता रोलबॅक. माझं मत: करू नकोस. पण आधी एक तपासणी कर, कारण तिच्यावर हे मत बदलू शकतं.

कोअरप्रोटेक्ट, म्हणजे कुणी काय फोडलं-ठेवलं याची नोंद ठेवणारं प्लगइन, असेलच तुझ्याकडे. इन्स्पेक्ट चालू कर आणि राजधानीत जाऊन पहिला फुटलेला ठोकळा शोध. फुटला कधी ते दिसतं. नाव हवं तर टीएनटी जिथे ठेवला होता त्या जागेची नोंद बघ. माझा ठोकताळा असा आहे: चोर नवखा असेल तर आधी वेशीपाशी फोडतो, मग दोन-चार रिकामी घरं उघडून बघतो, मग कोठार सापडतं. पहिलंच भोक थेट कोठाराच्या मागच्या भिंतीला असेल तर दोन शक्यता. एक, आतल्या कुणीतरी जागा सांगितली. दोन, भिंतीपलीकडच्या चेस्ट, म्हणजे पेट्या, दाखवणारा चोरटा क्लायंट (खेळाची फेरफार केलेली आवृत्ती) कुणीतरी वापरला. दुसरं निघालं तर तो प्रश्न युद्धाचा राहतच नाही. तो चीटिंगचा आहे, त्या माणसाने फोडलेलं सगळं परत कर आणि त्याला काढ. पहिलं निघालं तर मात्र तोंड बंद ठेव. फितुरी हा खेळाचा भाग आहे, आणि लॉग फक्त तुला दिसतो. तिथलं नाव तू डोंगरवाल्यांच्या कानात सांगितलंस तर त्यांना फुकटचा गुप्तहेर दिलास.

फितुरीबद्दल लोक भावनिक होतात म्हणून एक जुनं उदाहरण देते. ईव्ह ऑनलाइन हा 2003 पासून चालणारा अवकाशातला खेळ. त्यात हजारो खेळाडूंच्या आघाड्या खरोखरच्या राष्ट्रांसारख्या नांदतात. फेब्रुवारी 2009 मध्ये बँड ऑफ ब्रदर्स या तिथल्या बलाढ्य आघाडीचा एक संचालक शत्रूला, म्हणजे गूनस्वॉर्मला, जाऊन मिळाला आणि हातात अधिकार होते म्हणून त्याने ती आघाडीच बरखास्त करून टाकली. एक गोळी न झाडता. खेळ चालवणाऱ्या सीसीपी कंपनीने ते उलटवलं नाही. अधिकार त्याला त्याच्याच लोकांनी दिले होते. तुझ्या डोंगरवाल्यांनाही विचार, कोठाराची किल्ली किती जणांकडे होती? माझ्याकडे एका राष्ट्राने सतरा जणांना 'सहायक' केलं होतं. सतरा! आणि मग बैठक घेऊन विचारत होते की फुटलं कुठून.

चीटिंग नसेल तर रोलबॅक का नको? तत्त्व सोड, आधी व्यवहार सांगते. माझ्या दुसऱ्याच वर्षी असाच एक हल्ला झाला, पराभूत पक्ष रडकुंडीला आला, आणि मी दया येऊन चोवीस तासांचा रोलबॅक मारला. भिंती परत आल्या, चेस्ट परत आल्या, चेस्टमधले हिरेही परत आले. पण लुटणाऱ्यांनी तेच हिरे तोवर आपापल्या एंडर चेस्टमध्ये, म्हणजे ज्याचं सामान त्यालाच दिसतं अशा पेटीत, टाकले होते, तिथे माझा रोलबॅक पोचलाच नाही. एकाचे दोन झाले. आठवडाभरात बाजारात हिऱ्याचा भाव निम्म्यावर आला आणि ज्या पोरीने तीन महिने खाण खणून दुकान टाकलं होतं ती सर्व्हर सोडून गेली. ती कुठल्याच राष्ट्राची नव्हती. तिचं नाव तक्रारीत नव्हतं, म्हणून ती मला दिसलीच नव्हती.

आणि तत्त्वाचं एवढंच की नियम नव्हता. नियम नव्हता ही चूक तुझी आहे, बंदरवाल्यांची नाही. तसं जाहीर लिही, "चूक माझी" या शब्दांत. पोरं तेवढ्याने पुष्कळ निवतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सगळे समजताय की भांडण जमिनीवरून आहे. सर्व्हरवरच्या राष्ट्रांचं युद्ध जमिनीवर होत नाही, घड्याळावर होतं. जो पहाटे तीनला जागा राहू शकतो तो जिंकतो. म्हणजे ज्याची नोकरी नाही, परीक्षा नाही, आई दार ठोठावत नाही, लाइट जात नाही. त्यात शौर्यही नाही आणि डोकंही नाही. टीएनटीचा हिशोब बघ: पाच बारूद, चार वाळू, चार सेकंदांची वात. डोंगरवाल्यांची ती वेस बांधायला मला वाटतं दोन-तीन आठवडे तरी गेले असतील. बांधणारा आठवडे मोजतो आणि फोडणारा सेकंद. मध्ये कुणी जागाच नसेल तर फोडणारा कायम जिंकणार, आणि थोड्या दिवसांनी बांधणारं कुणी उरणार नाही.

यावर बहुतेक ॲडमिन पहिला नियम करतात तो असा: समोरचे निदान तीन जण ऑनलाइन असल्याशिवाय हल्ला नाही. मीही केला होता. दोन रविवारांत बाराच्या भावात गेला. हल्ल्याची चाहूल लागली की अख्खं राष्ट्र लॉगआउट! फौज वेशीपाशी उभी आणि आत सामसूम. एकदा तर आक्रमकांनी तासभर वाट बघून शेवटी तिथेच बटाटे लावले.

चालतं ते ईव्हवाल्यांचं तंत्र, थोडं आपल्या मापाचं करून. तिथे तुमच्या ठाण्यावर हल्ला झाला की ते लगेच पडत नाही. ते काही काळ अभेद्य होतं आणि पुन्हा कधी उघडं पडायचं ती वेळ मालकाने आधीच ठरवून ठेवलेली असते. म्हणजे दिवस हल्लेखोर आणतो, तास बचाव करणारा निवडतो. माझ्याकडे प्रत्येक राष्ट्र महिन्याच्या सुरुवातीला दोन तासांची खिडकी नोंदवतं. हल्ला करायचा तर चोवीस तास आधी जाहीर करायचा, आणि तो त्याच खिडकीत करायचा. बचाव करणारे आले नाहीत तर हल्ला ग्राह्य, रडायचं नाही. बहुतेकांनी शनिवार-रविवारची रात्री साडेआठ ते साडेदहा घेतलीय. साडेदहानंतर लहानांची झोप आणि मोठ्यांचं सराफ्यातलं रात्रीचं खाणं. पहाटेची खिडकी मी कुणाला देतच नाही, मागितली तरी नाही.

परीक्षांचा वेगळा तह आहे. एमपी बोर्डाचे पेपर सुरू झाले की शेवटच्या पेपरपर्यंत युद्धबंदी. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते त्या दिवशीही बंद, कारण तसाही कुणी नसतो, आणि जो असतो त्याचा कीबोर्ड गुलाल खाऊन बसलेला असतो.

घड्याळानंतर येतं युद्ध कशासाठी आणि कधी संपलं म्हणायचं ते. तुझ्या पत्रात 'युद्ध जाहीर झालं की' असं आहे, 'संपलं की' कुठेच नाही. हे दुसरं मोठं भगदाड. शेवट लिहिला नसेल तर युद्ध एक बाजू सर्व्हर सोडून जाते तेव्हाच संपतं. टाउनीला जोडायचं सीजवॉर नावाचं प्लगइन आहे, त्यात वेढा एका निशाणाभोवती चालतो आणि निशाणापाशी टिकून राहण्याला गुण मिळतात. शहर उडवावंच लागत नाही. आम्ही प्लगइन नंतर घेतलं, आधी वर्षभर हाताने हेच खेळलो: चौकात बॅनर, खिडकी संपताना बॅनरपाशी कोण उभं आहे ते मोजायचं, जिंकणाऱ्याला ठरलेली खंडणी. स्फोट फक्त वेशीच्या प्लॉटमध्ये चालू ठेवायचे, आतल्या घरांत बंद. टाउनीत सोळा बाय सोळाचा प्रत्येक प्लॉट वेगळा ठरवता येतो, हे खूप जण विसरतात आणि अख्ख्या शहराचं बटण दाबतात. तूही तेच केलंस असं दिसतंय. आणि विदर, म्हणजे कवट्या मांडून जागा करायचा तो राक्षस, सरसकट बंद ठेव. टीएनटीला ऑब्सिडियनचा काळा दगड दाद देत नाही म्हणून पोरं महिनोन्महिने ऑब्सिडियनची भिंत चढवतात, आणि मग कुणीतरी आत विदर सोडतो, तो तीही खातो. तीन कवट्यांत सगळं मुसळ केरात.

लॅगबद्दल, म्हणजे सर्व्हर अडखळण्याबद्दल, दोन वाक्यं. सर्व्हर सेकंदाला वीस टिक, म्हणजे खेळाचे ठोके, टाकतो. एका चौकात पन्नास जण आणि वर स्फोट आले की ते आठ-दहावर येतं, वार लागत नाहीत, आणि मग "माझा वार लागला होता" यावर दुसरं युद्ध. दोन्हीकडून बारा-बारा अशी मर्यादा घाल.

डोंगरवाले रागाने खरंच आठवडाभर आले नाहीत तर काय, याचाही विचार कर. टाउनी दररोज शहराकडून देखभाल कापून घेतं. खजिन्यात पैसे नसले की शहर पडतं, तिथे कुणी टीएनटी लावायची गरज नाही. ईव्हमधली बी-आर फाइव्ह आर बी ही लढाई अशाच न भरलेल्या बिलामुळे पेटली होती. 27 जानेवारी 2014 ला एका आघाडीचा तारामंडळावरच्या ताब्याचा हप्ता भरला गेला नाही, ताबा सुटला, शत्रू घुसला, आणि एकवीस तासांत पंच्याहत्तर टायटन जहाजं गेली. खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या आसपासचा चुराडा. तिथे गर्दीने सर्व्हर मरू नये म्हणून खेळातला वेळच दहा टक्क्यांपर्यंत मंद होतो, म्हणून एवढे तास चालली. आपल्याकडे ती सोय नाही. तू पुढचे सात दिवस सगळ्याच शहरांची देखभाल थांबव. एकट्या डोंगरवाल्यांची नको.

आता तहाकडे येऊ. दोन्ही राजांना डिस्कॉर्डवर, म्हणजे गप्पांच्या ॲपवर, बसवू नकोस. तिथे मागे चाळीस जण ऐकत असतात आणि दोघेही त्यांच्यासाठी बोलतात. माझ्याकडच्या सगळ्यात वाईट भांडणात मी दोन्ही राजांना रविवारी सकाळी इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत बोलावलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. एक औषधांच्या कंपनीत नोकरी करणारा, बॅग खांद्याला. दुसरा नववीतला, वडिलांबरोबर आलेला, वडील शेजारच्या टेबलावर पेपर वाचत बसले. नोकरीवाल्याने आधी पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "भिया, हा तर माझ्या भाच्याएवढा आहे. याला मी चार महिने शिव्या देऊन राहिलो?" पोराने मान वर न करता पोह्यांवर आणखी जिरावण मसाला घातला आणि म्हणाला, "मी पण दिल्या." पुढचं अर्ध्या तासात झालं. कागद नव्हता म्हणून कलमं टिश्यूवर लिहिली, त्यावर पोह्यांचं तेल उमटलं. पोरगा मात्र पक्का होता. शेवटी विचारतो, "समुद्रातल्या बोटी धरायच्या का यात?" मला सुचलंच नव्हतं. धरल्या.

तह खेळातच लिहून ठेव, पुस्तक आणि लेखणी वापरून. सही केलेलं पुस्तक नंतर बदलता येत नाही आणि लिहिणाऱ्याचं नाव त्यावर राहतं. त्याची प्रत काढता येते, प्रतीची प्रतही निघते, पण तिच्यापुढे नाही. आणि मूळ कुठलं, प्रत कुठली हे पुस्तकावरच दिसतं. म्हणून मूळ तुझ्याकडे, पहिली प्रत प्रत्येक राजधानीत. पुढे कुणी "तहात असं नव्हतंच" म्हणालं की पुस्तक उघडायचं. डिस्कॉर्डवरचा मेसेज लिहिणारा नंतर कधीही एडिट करतो.

तुझ्या नकाशावर तिसरं कुणी आहे का, हे तू लिहिलं नाहीस. असणार. पाच-सहा जणांचं, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. त्यांच्यावर लक्ष ठेव. आमच्याकडे दोन मोठी राष्ट्रं तीन महिने झुंजत होती तेव्हा अशाच सहा पोरांनी नेदरमधले, म्हणजे खेळातल्या पाताळातले, सगळे बोगदे ताब्यात घेतले. नेदरमध्ये एक ठोकळा चाललं की वर आठ ठोकळे कापले जातात, त्यामुळे लांबचा सगळा व्यापार तिथूनच जातो. युद्ध संपलं तेव्हा जिंकलेलेही त्यांना टोल देत होते. त्या युद्धात एक बाजू इंदूरची होती आणि एक ग्वाल्हेरची, आणि पोरांना आपण कुणाची री ओढतोय याचा पत्ताच नव्हता. मी त्यांना सांगितलं: जुलै 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली, ऑक्टोबरमध्ये शिंद्यांनी इंदूरला येऊन उट्टं काढलं आणि शहर लुटलं, 25 ऑक्टोबर 1802 ला होळकरांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे दोघांनाही हरवलं. आणि 31 डिसेंबरला वसईच्या तहावर पेशव्यांची सही इंग्रजांनी घेतली. नववीतल्या राजाने विचारलं, "म्हणजे टोलवाले कोण, इंग्रज?" ती सहा पोरं तेव्हापासून 'कंपनी सरकार' म्हणूनच ओळखली जातात आणि त्यांना ते नाव आवडतं.

पैशांचंही बघ. तुझ्या सर्व्हरवर देणगीदारांना तलवारी, चिलखतं असं काही मिळतं का? मिळत असेल तर युद्धाआधी ते बंद कर. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने 2014 मध्येच स्पष्ट केलंय की पैसे घेऊन खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू विकायच्या नाहीत, टोप्या-रंग असल्या दिखाऊ गोष्टी चालतात. हरलेला माणूस सगळं विसरतो, पण समोरच्याने पाचशे रुपये देऊन हिऱ्याचं चिलखत आणलं होतं हे विसरत नाही.

आणि एका ठिकाणी मात्र वाटाघाट नाही. जात, धर्म, कुणाची बहीण, कुणाच्या शाळेचा फोटो, कुणाचा फोन नंबर, यातलं काहीही युद्धाच्या भांडणात आलं की त्याच मिनिटाला कायमचा बाहेर. राजा असला तरी आणि तुझा मित्र असला तरी. तिथे चौकशी समिती नेमू नकोस. स्क्रीनशॉट जपून ठेव, पोर लहान असेल तर घरच्यांशी स्वतः बोल. मला हे दोनदा करावं लागलंय. दुसऱ्या वेळी उशीर केला, दोन दिवस. त्या दोन दिवसांत त्या मुलीने शाळेत काय सोसलं ते तिच्या आईने मला फोनवर सांगितलं.

तर आज रात्री एवढं कर. खजिनदारकीचा राजीनामा आधी टाक. तासाभराने घोषणा: वेळेचा नियम नव्हता, चूक माझी, हल्ला ग्राह्य, रोलबॅक नाही, आजपासून खिडकीचा नियम, सात दिवस युद्धबंदी आणि देखभाल माफ, रविवारी दोन्ही राजे समोरासमोर. ज्या दोघांचा पेपर होता त्यांना वेगळा मेसेज कर, पेपर कसा गेला म्हणून, युद्धाचं नाव काढू नकोस. तीन-चार जण तरीही सोडून जातील, जाऊ दे. त्यातले निम्मे पंधरवड्यात नव्या नावाने परत येतात आणि आपण ओळखलं नाही असं त्यांना वाटत असतं.

आणि दया येऊन क्रिएटिव्ह मोडमध्ये (तिथे सामान फुकट मिळतं) जाऊन भिंत बांधून देऊ नकोस. एक चिरासुद्धा नाही. ती डोंगरवाल्यांनाच बांधू दे. बंदरवाल्यांतले दोन-तीन जण मदतीला येतील बघ, आमच्याकडेही आले होते. चार रात्री राबले बिचारे, वेस पहिल्यापेक्षा उंच झाली. त्यांतल्या एकाने जाता जाता दोन चेस्ट लोखंड पळवलं. लॉगमध्ये आहे, मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.